उचल : एका क्रियापदाची बाजू

इंग्रजीतले 'टेक' हे क्रियापद आपल्याकडे शाळेत 'टेक म्हणजे घेणे' असे पाठ करून घेतात. पाठ करायला ते सोपे, वापरायला अवघड. इंग्रजीत फोटो 'टेक' करतात, आपण तो काढतो. तिथे काम वेळ 'टेक' करते, आपल्याकडे कामाला वेळ लागतो. सगळ्यात मोठी गंमत परीक्षेची आहे. इंग्रजीतला विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, म्हणजे घेतो. मराठीतला विद्यार्थी ती देतो आणि मास्तर घेतात. खोली तीच, कागद तोच, घाम तोच. पण एका भाषेने घेणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले, तो दुसऱ्या भाषेत देणारा ठरला.

व्यवहारात दोन माणसे असतात, पण क्रियापदाला एकाच बाजूला उभे राहावे लागते. ते कोणाच्या बाजूने उभे राहते, एवढ्यावर पुष्कळ काही ठरते. ही गोष्ट पाहायला इंग्रजीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आमच्या बीड जिल्ह्यातले एक साधे मराठी क्रियापद पुरेसे आहे. ते म्हणजे 'उचलणे', आणि त्याच्यापासून झालेले नाम 'उचल'.

शब्दाचा पसारा

'उचलणे'चा पहिला अर्थ अंगमेहनतीचा : खाली असलेली वस्तू हाताने वर घेणे. घागर, पोते, पाटी, लेकरू आपण उचलतो. ह्या अर्थातून पुढचे अर्थ फुटले. ओझे उचलतो तो जबाबदारीही उचलतो. घराचा खर्च उचलतो, एखाद्या कामाचा विडा उचलतो. बेलभंडारा उचलून शपथ घेतली जाते. पाऊल उचलले म्हणजे कृतीला सुरुवात झाली. ह्या सगळ्या वापरांत उचलणाऱ्याचा मान आहे. त्याच्या अंगात बळ आहे, किंवा त्याच्या शब्दाला वजन आहे.

दुसरी फांदी संशयाची. दुसऱ्याची कल्पना उचलणे, दुकानातली वस्तू उचलणे, उचलेगिरी. इंग्रजीतल्या 'लिफ्ट' ह्या क्रियापदालाही हीच फांदी आहे. दुकानातून माल लांबवणाऱ्याला तिथे 'शॉपलिफ्टर' म्हणतात, म्हणजे शब्दशः दुकानातले उचलणारा. आपल्याकडे तर ह्या क्रियापदापासून एका अख्ख्या जमातीवर नाव चिकटवले गेले. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पिढ्यान् पिढ्यांच्या कपाळी शिक्का मारला. शेजारच्या लातूर जिल्ह्यातले लक्ष्मण गायकवाड यांनी तोच शिक्का आपल्या आत्मकथनाचे नाव म्हणून वापरला. 'उचल्या' १९८७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तिसरी फांदी बाजाराची आणि कचेरीची. व्यापारी माल उचलतो, रेशन दुकानदार धान्याची उचल करतो, पगारदार बँकेतून पैसे उचलतो. इथे 'उचलणे' म्हणजे आपल्या नावावर असलेले ताब्यात घेणे. ह्यात मानही नाही आणि संशयही नाही, फक्त नोंद आहे.

चौथ्या फांदीवर माणूसच कर्म होतो. पोलिसांनी त्याला उचलले. साहेबांची उचलबांगडी झाली. ह्या फांदीकडे पुन्हा यायचे आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

आता मूळ पाहू. संस्कृतातील 'उत्' आणि 'चल्' मिळून 'उच्चल्' होते, आणि मराठी 'उचलणे' तिथून आलेले आहे. पण संस्कृतात त्याचा जोर हाताने वर घेण्यावर नव्हता. जागेवरून हलणे, निघणे, प्रस्थान ठेवणे, सुटून जाणे, असे त्याचे अर्थ होते. मराठीपर्यंत येताना निघण्याचा अर्थ मागे पडला आणि घेण्याचा पुढे आला. बीड जिल्ह्यात मात्र हे दोन्ही अर्थ व्यवहारातच पुन्हा एकत्र आले आहेत. इथे जो उचलतो, त्याला गाव सोडून निघावे लागते.

फडाची भाषा

बालाघाटाच्या डोंगररांगेवरची आणि तिच्या पायथ्याची गावे, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज ह्या तालुक्यांतली कितीतरी वस्ती, दसरा झाला की हलू लागते. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा अनेक घरांच्या दारांना कुलपे असतील आणि आत म्हातारी माणसे व काही लेकरे असतील. बाकीची माणसे सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगरकडच्या, किंवा थेट कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटकडच्या कारखान्यांच्या फडात असतील. दिवाळी कोपीत होईल.

प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तिकडे वाढला. तोडणारे हात इकडून गेले. त्या स्थलांतराने मराठीला एक वेगळी परिभाषा दिली. उसाचे तोडणीला आलेले शेत तो 'फड'. फडाजवळची पाचटाची किंवा ताडपत्रीची झोपडी ती 'कोपी'. उसाच्या शेंड्याचा हिरवा भाग ते 'वाढं', जे चारा म्हणून विकून वरखर्च निघतो. कामावर न गेलेला दिवस तो 'खाडा', आणि त्याचा दंडही 'खाडा'च. कारखान्याचा हंगाम संपला म्हणजे 'पट्टा पडला'. आणि 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. माणसे मोजायला हत्याराचे नाव वापरले जाते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

ह्या परिभाषेच्या मध्यभागी 'उचल' आहे. पावसाळ्यात, शाळेची फी, बियाणे, आजारपण, लग्न अशा कारणांनी हात अडलेला असतो तेव्हा, मुकादम येणाऱ्या हंगामासाठी एकरकमी पैसे देतो. मुकादमाने ते कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून घेतलेले असतात. म्हणजे त्यानेही उचललेलेच असतात. पैसे कोयत्यामागे ठरतात. मग कोयता फडावर जातो आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती रक्कम वळती होत राहते. 'औंदा किती उचल घेतली?' हा आमच्याकडे कुशल विचारण्याचाच एक प्रकार आहे. चांगल्या कोयत्याला उचल जास्त मिळते, त्यामुळे उत्तरात थोडा अभिमानही असतो.

हिशेब घालून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने एक लाख रुपये उचलले असे धरू. जुन्या दराने ते फेडायला सुमारे ३६६ टन ऊस तोडावा लागे. नव्या दराने सुमारे २७३ टन. दोन आकड्यांनी जागा तेवढ्या बदलल्या आहेत. एका जोडप्याने दिवसाला दोन टन तोडले, भरले आणि एकही खाडा केला नाही असे मानले, तर नव्या दरानेही १३७ दिवस लागतात. हंगाम साधारण चार ते पाच महिन्यांचा. म्हणजे ताप, बाळंतपण, अवकाळी पाऊस, बंद पडलेली गाडी ह्यांपैकी काही आले नाही, तर पट्टा पडेपर्यंत उचल जेमतेम फिटते. आले, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाची उचल तिच्यावर चढते. शिवाय ह्यात फडावरचे खाणेपिणे धरलेलेच नाही.

शेजारचे शब्द

आगाऊ पैशाला मराठीत शब्दांचा तोटा नाही. 'आगाऊ' आणि 'अग्रिम' ह्यांच्या पोटात 'अग्र' म्हणजे पुढचे टोक आहे. 'पेशगी' फारसी; 'पेश' म्हणजे पुढे, समोर. 'ॲडव्हान्स'चाही अर्थ पुढे सरकवणे असाच. हे सारे शब्द काळाबद्दल बोलतात : काम नंतर, पैसा आधी. गमतीची बाब अशी की 'मुकादम' हाही अरबी 'मुकद्दम', म्हणजे पुढे ठेवलेला, पुढारी. आणि 'कर्ज'? अरबीत त्याच्या धातूचा अर्थ कापणे. धनको आपल्या मालमत्तेतून जो तुकडा कापून देतो ते कर्ज. म्हणजे त्या शब्दाचे मूळ देणाऱ्याच्या हातात आहे.

'उचल' ह्या सगळ्यांहून वेगळी. ती काळ सांगत नाही आणि देणाऱ्याचा हात दाखवत नाही. ती फक्त वाकलेला, घेणारा माणूस दाखवते. पैसे जणू जमिनीवर पडलेले होते, आणि ह्याने ते उचलले. 'मुकादमाने उचल दिली' असे आपण म्हणतो खरे, पण शब्दशः पाहिले तर मुकादमाने दुसऱ्याचे उचलणेच दिलेले असते. देणाऱ्याने काय केले ह्यासाठी ह्या शब्दात जागाच नाही.

जगात इतरत्र ह्याच व्यवहाराला काय म्हणतात ते ताडून पाहण्यासारखे आहे. पाकिस्तानातल्या वीटभट्ट्यांवर ती 'पेशगी' आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, किनाऱ्यावरच्या उसाच्या मळ्यांसाठी डोंगरातल्या माणसांना असाच आगाऊ पैसा देऊन खाली आणत. तिथेही मध्ये मुकादमासारखा माणूस असे. त्या पद्धतीचे स्पॅनिश नाव 'एनगांचे', म्हणजे आकड्यात अडकवणे. ऊस तोच, डोंगर तसाच, पैसाही आगाऊच. पण त्यांच्या शब्दात आकडा दिसतो, आपल्या शब्दात फक्त हात दिसतो. आकडा दिसला की तो कोणी टाकला हा प्रश्न आपोआप पडतो. हात दिसला की प्रश्न एकच उरतो : घेतलेस कशाला?

आणि हा प्रश्न आपल्याकडे फार विचारला जातो. उचल घ्यायची आणि मग रडायचे, त्यांना कोणी जबरदस्ती केली होती का, असे सुशिक्षित माणसेही बोलून जातात. विचार त्यांचा असतो, पण त्याची वाट शब्दाने आधीच पाडून ठेवलेली असते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन नाहीसे होणारे लोक आहेत, आणि त्यापायी जमीन विकावी लागलेले मुकादमही आहेत. मुकादम हा बहुधा त्याच गावचा, कधी नात्यातलाच माणूस. त्याच्या वरच्या टोकाला जो बसला आहे, त्याचा मात्र 'उचल' ह्या शब्दाशी संबंधच येत नाही. त्याच्या वहीत 'ॲडव्हान्स' लिहिलेले असते.

बाकी राहिली आणि माणूस पुढच्या हंगामाला आला नाही, की ती चौथी फांदी हलते. मजुराला गाडीत घालून उचलून नेले, डांबून ठेवले, अशा बातम्या आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत येत असतात. कधी मजुराला मुकादम नेतो, कधी मुकादमाला वाहतूकदार. ज्याने उचलले, तोच उचलला जातो. कर्ता होता तो कर्म झाला.

फेडणे आणि फिटणे

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत : तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, पाडणे-पडणे, सोडणे-सुटणे. पहिल्यात करणारा असतो, दुसऱ्यात नुसते होणे असते. 'फेडणे-फिटणे' ही त्यांतलीच जोडी. सावकाराचे कर्ज माणूस फेडतो. उचलीबद्दल मात्र बोलताना बहुतेक वेळा 'फिटली' किंवा 'फिटली नाही' असेच येते. ह्यामागे कारण आहे. फेडणाऱ्याला किती फेडले ते ठाऊक असावे लागते. इथे वजन काट्यावर होते, नोंद दुसऱ्याच्या वहीत होते, खाडा दुसराच धरतो. हंगामाच्या शेवटी बसून कळते की फिटली, किंवा इतकी बाकी निघाली. अंधार फिटावा तशी ती फिटते. फिटवणे आपल्या हातात नसते.

घेताना कर्ता मजूर आणि फिटताना कर्ताच नाही, असे हे व्याकरण आहे. जबाबदारी पहिल्या वाक्यात पूर्ण दिलेली असते आणि अधिकार दुसऱ्या वाक्यातून काढून घेतलेला असतो.

तिने काय उचलले?

कोयता म्हणजे जोडपे, पण उचल बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर मांडली जाते. कागदावर अंगठा किंवा सही त्याची. प्रत्यक्ष उचलण्याचे काम मात्र ती करते. तोडलेल्या उसाची मोळी बांधून, डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढणे हे बाईचेही काम. पहाटेची भाकरी, पाणी, लेकरू हे आणखी वेगळे. म्हणजे एकाच कुटुंबात नाम त्याच्या वाट्याला आणि क्रियापद तिच्या.

ह्या क्रियापदाची किंमत २०१९ साली सगळ्या राज्याला कळली. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे साधारण सहांत एक. आमच्याकडे त्याला 'पिशवी काढली' म्हणतात. दुखणे अंगावर काढणे, दिवस काढणे, कर्ज काढणे आणि पिशवी काढणे, सगळीकडे एकच क्रियापद. पाळीच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. आणि खाडा पडला तर उचल फिटत नाही. 'तिने स्वतःहून काढून घेतली' असेही म्हटले गेले. 'स्वतःहून उचल घेतली' ह्या वाक्याचीच ही सख्खी बहीण.

कायद्याच्या भाषेत

वेठबिगारी नष्ट करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. 'वेठ' हा संस्कृत 'विष्टि'चा वंशज आणि 'बिगार' फारसी. दोन्हींचा अर्थ एकच, जबरीचे काम. ह्या कायद्याच्या व्याख्यांमध्ये अगदी पहिली व्याख्या आहे ती 'अग्रिम'ची : धनकोने ऋणकोला रोख, वस्तुरूपाने किंवा दोन्ही मिळून दिलेली आगाऊ रक्कम. अशा रकमेपोटी माणसाला किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबावे लागत असेल, किंवा दुसरीकडे काम धरण्याचे वा मोकळेपणाने फिरण्याचे स्वातंत्र्य गमवावे लागत असेल, तर ती वेठबिगारी. मग ते ऋण फेडण्याचे बंधनच राहत नाही. आणि वाद झाला, तर ते वेठीचे ऋण नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोची. १९८३ सालच्या डिसेंबरात, हरियाणातल्या दगडखाणींच्या 'बंधुआ मुक्ती मोर्चा' खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले : माणूस सक्तीने राबतो आहे असे दिसले, तर ते आगाऊ रकमेपोटी किंवा तशाच आर्थिक कारणापोटी आहे असे गृहीत धरावे, तसे नसेल तर मालकाने दाखवून द्यावे.

प्रत्येक उचल वेठबिगारी नसते, हे ह्या व्याख्येवरूनच कळते. पण कोणती आहे आणि कोणती नाही हे तपासायला कोणीतरी आधी 'उचल' आणि 'अग्रिम' हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवायला हवेत. अंमलबजावणीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. तिथे जाणारा माणूस 'मला अग्रिमापोटी डांबले' असे सांगत नाही. तो म्हणतो, 'साहेब, मी उचल घेतली होती.' पहिल्याच वाक्यात कर्ता तो स्वतः होतो, आणि ऐकणाऱ्याला हा पैशाचा आपसातला वाद वाटतो. कायद्याने सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकलेला आहे. भाषेने तो परत ऋणकोच्या डोक्यावर ठेवला आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की ह्या शब्दाची नोंद करताना, मग ती शब्दकोशात असो, बातमीत असो वा सरकारी अर्जात, तो अर्ध्यावर सोडू नये. 'उचल' लिहिले की कोणी दिली, किती दराने वळती होणार, वजन कोण लिहिणार आणि बायकोचे नाव कुठे आहे, हे चार शब्द जोडले पाहिजेत. शब्द बदलण्याची गरज नाही. लोकांच्या तोंडचा शब्द आहे, तो राहील. त्याच्यातून गळलेला माणूस वाक्यात परत आणायचा आहे.

मराठीत 'उचल'चा आणखी एक वापर आहे, तो इतका वेळ मुद्दाम बाजूला ठेवला होता. जुने दुखणे उचल खाते. दबलेला असंतोष उचल खातो. ह्या वापरात उचल घ्यावी लागत नाही, कोणी द्यावीही लागत नाही, ती आतून येते. तोडणीचे दर जेव्हा जेव्हा वाढले, तेव्हा त्याआधी कोयते बंद ठेवावे लागले होते. बीड जिल्ह्याला ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक आहेत.